राजाचा गळा आणि सुरवारी हिरडा

“ओ हिरडेवाले! उघडा जी दुकान! राजा मुका झाला!”

भाऊबीजेची सकाळ होती. दुकान बंद, मी मागच्या घरात चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात बसलेलो, आणि बाहेर कोणीतरी शटर असं बडवत होतं की फळीवरच्या बरण्या एकमेकींना धरून थरथरत होत्या. मी बायकोकडे पाहिलं.

“राजा आला म्हणते. उघडा,” ती म्हणाली आणि पुन्हा करंज्या तळायला लागली. माझ्या बायकोसमोर साक्षात इंद्र उतरला तरी ती त्याला आधी पाय धुवायला सांगेल.

शटर वर केलं. समोर मोटारसायकल. पुढे मन्साराम ढोलकीवाला, छातीवर ढोलकी आडवी बांधून. या मन्सारामचा आवाज असा की तो हायवेच्या या बाजूला शिंकला तर त्या बाजूचे ट्रक ब्रेक मारतात. त्याच्या मागे दुपट्ट्यात डोक्यापासून गुंडाळलेला एक उंच माणूस, फक्त डोळे उघडे. डोळ्यांवरून मी ओळखला. सखाराम. आमच्या भागातल्या दंडारीतला राजा.

दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला, पूर्व विदर्भातला, उघड्या मैदानातला खेळ. ढोलकी, गाणी, सोंगं, नाच. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि भर दुपारी तिथे दंडार उभी राहते. सखाराम वर्षभर धान पिकवायचा आणि मंडईच्या दिवसांत राजा व्हायचा. एकदा मुकुट चढला की त्याचा बैलसुद्धा त्याला पाहून बाजूला सरायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बैल दुसऱ्याचा होता, पण पाहिलं आहे.

“काय झालं?”

“गरा बसला,” मन्साराम म्हणाला. “काल तुमसरकडल्या मंडईत गायला, येता येता धुकं लागलं. सकारी उठला तं फुसफुस. बोल रे सखा, दाखव यायले.”

सखारामने तोंड उघडलं. बाहेर आला तो आवाज नव्हताच. सायकलच्या ट्यूबमधला वाल काढल्यावर निघते ती हवा होती.

“आज कोठी हाये मंडई?”

“दिघोरीले.”

तेव्हा मला कळलं की शटर काहून तुटायला आलं होतं.

दिघोरीला सखारामची थोरली बहीण दिली होती, पार्वता. आई लवकर गेली, याला तिनेच कडेवर वागवला. गाणंही तिचंच. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, चिखलात वाकून ती गायची, हा बांधावर बसून ऐकायचा. पण सासर मानी निघालं. तिचे जेठ, थोरले दीर, बिसनजी म्हणजे गावातलं वजनदार माणूस, आणि दंडार म्हणजे त्यांच्या लेखी रिकामटेकड्यांचा धिंगाणा. पार्वता माप ओलांडून आत आली त्या दिवसापासून त्या घरात तिला नावच उरलं नाही. भाजीत मीठ जास्त पडलं, दंडारवाल्याची बहीण. म्हैस आटली, दंडारवाल्याची बहीण. पाऊस लांबला, तरी तीच. म्हणून सखाराम सगळ्या जिल्ह्यात गायला, बहिणीच्या गावात कधी गायला नाही. या वर्षी गावातल्या तरुणांनी हट्ट धरला, आणायची तर सखारामचीच दंडार. मंडईच्या कमिटीचे अध्यक्ष बिसनजीच. ते म्हणाले, “आणा. पाहू तरी.”

त्या ‘पाहू तरी’मध्ये पार्वताचा सगळा संसार अडकलेला होता.

“आज हा गायला नाही ना जी,” मन्साराम पहिल्यांदाच हळू बोलला, म्हणजे फक्त आमच्या गल्लीला ऐकू गेलं, “तं ते बाई मरेपर्यंत खाली मान घालून राहीन.”

सखारामने मान खाली घातली.

आता राजाला जरा वेळ तसाच पायरीवर उभा ठेवून मी बाहेरच्या वाचकांना माझा धंदा सांगून घेतो. माझं काष्ठौषधीचं दुकान लाखनीला हायवेच्या कडेला होतं. काष्ठौषधी म्हणजे झाडाचं जे जे काही वाळवून ठेवता येतं ते: साल, मूळ, बी, फळ. पाटीवर दुकानाचं नाव भारदस्त होतं, ते कोणी वाचलं नाही. लोक मला हिरडेवाले म्हणायचे. पोरीच्या लग्नपत्रिकेत छापखानेवाल्याने माझं आडनाव काढून हिरडेवाले छापलं, आणि ती पत्रिका घेऊन गावभर फिरलो तरी एकालाही चूक दिसली नाही.

माझ्या फळीवर शेकड्यांनी जिनसा होत्या, पण मी हात जोडले ते एकाच जिनसेला. हिरडा दिसायला म्हाताऱ्याच्या अंगठ्यासारखा, सुरकुतलेला, पिवळट तपकिरी, अंगावर पाच धारा. झाडावरून कोवळा असतानाच गळून काळा पडला तर तो बाळहिरडा. पूर्ण भरून, टपोरा होऊन आला तर सुरवारी. पाण्यात टाकायचा. बुडाला तर खरा, तरंगला तर परत. एक रिटायर मास्तर माझ्याकडे यायचे, ते घरून पाण्याचा पेला घेऊनच यायचे. पायरीवर बसून एकेक हिरडा पेल्यात सोडायचे आणि बुडाला की नापास झालेला पोरगा सापडल्यासारखे खूश व्हायचे. सकाळभर बसून एक हिरडा विकत घ्यायचे, आणि वर पेल्यातलं पाणी पिऊन जायचे. पाणी तुरट झालेलं असायचं. म्हणजे औषध त्यांना फुकटच मिळायचं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

हिरडा जिभेवर ठेवा. तोंड असं आवळून येतं की तुमची सासूसुद्धा तुम्हाला ओळखणार नाही. मग वरून पाणी प्या, ते गोड लागतं. सहा रसांपैकी पाच या एका फळात आहेत म्हणतात, खारट तेवढा नाही. मीठ देवाने माणसावर सोडलं. पण खरा चमत्कार पुढेच. चावून खाल्ला तर हिरडा भूक लावतो. वाटून घेतला तर कोठा धुऊन काढतो. उकडून खाल्ला तर धावणारं पोट थांबवतो. तुपात परतून खाल्ला तर वात, पित्त, कफ तिघेही शाळेतल्या पोरांसारखे आपापल्या जागी जाऊन बसतात. एकच फळ, आणि एकमेकांच्या उलटी कामं! सहाणेवर एक वेढा उगाळून तान्ह्याच्या गुटीत घाला, बाळ निजतं. त्याच्या काढ्याची गुळणी करा, तोंडातले फोड बसतात. साल गालात धरा, खोकला सरतो, गळा मोकळा होतो. आणि ढोलकीचं कातडं कमवायला चांभार न्यायचे तोही हिरडाच. गाणाऱ्याचा गळा आणि वाजवणाऱ्याची ढोलकी, दोघांचं औषध एका पोत्यातून जायचं. मी तर म्हणतो हिरडा हा औषधापेक्षा गडी आहे. हुशार गडी. सांगाल ते काम करतो, आणि सांगताना तुम्ही चुकलात तर चुकीचं कामही तितक्याच इमानदारीने करतो.

आता दुकान नाही. तिथे मोबाईलचे कव्हर मिळतात. हिरड्याच्या गोळ्या बाटलीत येतात, आणि ज्याने त्या गिळल्या त्याला हिरडा चिंचेएवढा की नारळाएवढा हेही माहीत नसतं. असो. राजा पायरीवर थंडीत उभा आहे.

मी बरणीतून सुरवारी हिरडा काढला, फोडला, आठळी फेकली, सालीचा तुकडा सखारामपुढे धरला. “गालात धर. चावायचा नाही, गिळायचा नाही. रस आपोआप उतरू द्यायचा.”

सखाराम दोन पावलं मागे गेला. मान हलवली. एक हात पोटावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने हवेत भलंमोठं झाड काढलं.

“तो म्हणते,” मन्सारामने अर्थ लावला, “हा त्या झाडाचा हाये का?”

इथे मला त्या झाडाविषयी सांगणं भाग आहे. जुन्या पोथ्यांत हिरड्याची एक जात सांगितली आहे, जिच्या सावलीतून नुसतं गेलं तरी माणसांचं, जनावरांचं, पाखरांचं पोट साफ होतं. हे मी रचलेलं नाही. पोथीत आहे. मी फक्त ते झाड जरा जवळ आणलं, नागझिऱ्याच्या जंगलाच्या अलीकडे. गिऱ्हाईक रेंगाळलं की मी त्या झाडाची गोष्ट काढायचो. त्याच्यावर वांदर बसत नाही. पाखरं त्याच्यावरून जाताना वेग वाढवतात. एकदा वाघ चितळाच्या मागे लागला, चितळ हुशार, ते त्या सावलीतून पळालं, मागोमाग वाघ. पुढे काही अंतरावर चितळ आणि वाघ एकमेकांकडे पाठ करून दोन झुडपांमागे बसलेले लोकांनी पाहिले, वैर संपलं. एका ट्रकवाल्याला मी त्या झाडाचं पोतं विकलं, तर तो रायपूरपर्यंत प्रत्येक ढाब्यावर थांबत गेला, आणि ढाबेवाल्यांना वाटलं हायवेवर जेवणाची चव सुधारली आहे.

ही गोष्ट ऐकायला लोक लांबून यायचे. आणि आज ज्याला हिरड्याची सर्वांत जास्त गरज होती तोच ती मनापासून मानून बसला होता. दुपारी भरमैदानात, बहिणीच्या गावात, बिसनजींच्या समोर, त्या झाडाचा हिरडा पोटात घेऊन उभं राहायचं? सखारामच्या डोळ्यांत मी तो सगळा प्रसंग पाहिला.

झाड नाहीच असं सांगून टाकावं, हा विचार माझ्या मनात आला. पण आयुष्यभर ज्याने झाड दाखवलं त्याने ऐन वेळी ते तोडलं तर गिऱ्हाईक सावलीतून उन्हात जातं, परत येत नाही. मी घसा खाकरला.

“त्याच झाडाचा हाये,” मी म्हणालो. “पण शेंड्याचा. सावली खाली पडते का वर?”

सखारामने विचार केला. बोट खाली केलं.

“मंग! खालच्या फांदीचा हिरडा पोटात उतरते. शेंड्याचा गऱ्यात चढते. गवयासाठीच तं राखून ठेवतो मी हा.”

सखारामने पुन्हा विचार केला. यात खोट कुठे काढावी ते त्याला सापडेना. त्याने तुकडा घेतला आणि गालात ठेवला.

“शेंड्यावर कोन चढलं होतं?” आतून बायकोने विचारलं.

“वांदर.”

“वांदर तं बसत नाही म्हनता ना त्याच्यावर.”

दुकान आणि घर यांच्यामध्ये भिंत असावी की दार, याचा लोकांनी बांधकामाआधीच नीट विचार करावा.

मंडईचा सगळा हंगाम पुढे होता, म्हणून मी मूठभर अख्खे सुरवारी हिरडे कागदात बांधून दिले, रोज एक तुकडा गालात, असं बजावून. पण मन्साराम निघेना. “तुमी बी चला जी. नाही उघडला गरा तं मुकुट तुमच्याच डोक्यावर ठेवतो.” असे आम्ही तिघे एका मोटारसायकलवर निघालो, राजा मध्ये, ढोलकी पुढे, मी मागे लोंबकळत. धान कापून पडलं होतं, बांध्यांवर धुकं. गाव आलं की मन्साराम गाडी हळू करायचा आणि ओरडायचा, “बोल रे सखा!” आणि सखाराम तोंड उघडायचा. पहिल्या गावाला ट्यूबची हवा होती. पुढे फुटकी बासरी झाली. त्याच्या पुढे चिरकं का होईना, माणसाचं काहीतरी आलं. मी मागे बसून हात जोडले. एवढासा सालीचा तुकडा! ना इंजेक्शन, ना डॉक्टर.

दिघोरीला पार्वता दारातच उभी होती. उंच, भावासारखीच, डोळेही तेच. पाट मांडलेला, दिवा तयार. तिने ओवाळलं, टिळा लावला, अक्षता टाकल्या. सखाराम “ताई” म्हणायला गेला आणि तेवढ्यात गाडीवरचा वारा लागलेला गळा पुन्हा बसला. फुस्स झालं.

अंगणात खाटेवर बिसनजी पान लावत बसले होते. “राजा आला वाटते,” ते कोणाकडेच न पाहता म्हणाले. “आवाज मांगून बैलबंडीनं येऊन राहिला का?”

अंगण हसलं. पार्वता हसली नाही. भावाच्या हातातली माझी पुडी तिने घेतली आणि आत गेली.

मला वड्यांचं ताट आलं. माझा दोष एवढाच की वडे चांगले होते. आतून पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज येत होता, मला वाटलं चटणी होते आहे. चटणी येईल म्हणून मी दोन वडे बाजूला राखून ठेवले. चटणी आली नाही. पार्वता आली, हातात लोटा, त्यात गढूळ, तपकिरी, वाफाळणारं काहीतरी.

“घे,” ती भावाला म्हणाली.

सखारामने लोट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. आमच्याकडे भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर बहीण जे हातात देईल त्याला भाऊ नाही म्हणत नाही. तिने गोटा दिला तर तो लाडू म्हणून चघळेल. सखाराम घटाघट प्यायला. शेवटच्या घोटाला त्याचा चेहरा असा आवळला की मला काय ते समजलं.

“बाई,” मी ताट खाली ठेवलं, “काय होतं हे?”

“तुमचेच हिरडे. एवढासा तुकडा गालात धरून काय होते जी? लेकराले देतेत का? सारे वाटले, गूळ टाकला, गरम पान्यात देल्ले. एका घोटात खालपर्यंत गेलं पाहिजे.”

“खालपर्यंत जाईनच, बाई,” मी म्हणालो.

मूठभर. सुरवारी. वाटून. गरम पाण्यात. मी मन्सारामला गोठ्यामागे ओढत नेलं आणि सगळं सांगितलं. माणूस पांढरा पडतो म्हणतात, हा तर आरपार दिसायला लागला.

“कवा?” त्याने विचारलं.

“दंडार कवापर्यंत चालते?”

“उन्हं उतरेपर्यंत.”

“तवाच.”

“त्याले सांगू नोका,” मन्साराम म्हणाला. “माहीत झालं तं आत्ताच होईन.”

मैदान गावाच्या बोडीला, म्हणजे लहान तलावाला, लागून होतं. काय गर्दी! मुंग्यांना आत शिरायला जागा नव्हती, त्या बांधावरून पाहत होत्या. आकाशपाळणा, जिलेबीची कढई, बांगड्यांची दुकानं, ऊस. पुढे एकच खुर्ची, तिच्यावर बिसनजी, मांडीवर हात टाकून, ‘पाहू तरी’ असे. बायकांच्या घोळक्यात पार्वता, पदर नाकापर्यंत. मन्सारामने थाप मारली. राजा आत आला.

पहिल्या कडव्याला आवाज खरखरीत होता. मागे कोणीतरी खाकरलं, बिसनजींनी मिशीवरून बोट फिरवलं. मग काय झालं ते मी आजवर शेकडो लोकांना सांगितलं आहे आणि एकदाही वाढवून सांगावं लागलेलं नाही. विहिरीचा पहिला पोहरा गढूळ येतो, दुसरा कमी गढूळ, आणि मग एक पोहरा असा येतो की त्यात आभाळ दिसतं. तसा तो आवाज उघडला. रुंद, स्वच्छ, थंड. बोडीवरचे बगळे उठले, एक चक्कर मारून परत येऊन बसले, यावेळी तोंड मैदानाकडे करून. आकाशपाळणा वरच थांबला आणि वर अडकलेल्यांनी आरडाओरडा केला नाही. जिलेबीवाल्याचा हात हवेत राहिला, कढईत सरळ रेघेची जिलेबी तळून निघाली. ती मी नंतर खाल्ली.

खेळ एका दानशूर राजाचा होता. दिलेल्या शब्दापायी राज्य सोडतो आणि प्रजेचा निरोप घेतो. निरोपाचं गाणं शेवटी असतं. रीत अशी की राजा रिंगणात फिरतो, चारी बाजूंना हात जोडतो, पाय आपटतो, छाती बडवून घेतो. त्या दिवशी सखाराम मधोमध आला आणि उभा राहिला.

नुसता उभा. गुडघ्याला गुडघा चिकटलेला, टाचा जमिनीत रोवलेल्या, मुठी आवळलेल्या, हनुवटी वर. मन्सारामने त्याला फिरवायला ढोलकी चढवली, तो फिरला नाही. ढोलकी उतरवली, तो हलला नाही. गाणं मात्र चालू. एकेक ओळ लांब, सावकाश, मध्ये श्वास रोखून धरलेला, आणि पुन्हा तो उघडा आवाज. कपाळावरून घामाची धार, डोळ्यांतून पाणी. देवळाच्या खांबाला गळा फुटला आणि तो निरोप मागतो आहे, असं वाटत होतं. राज्य जातं आहे, राणी जाते आहे, आणि हा माणूस ते सगळं आत धरून उभा आहे, एक कणही सांडू देत नाही. इतकी गर्दी असून मला बोडीचं पाणी काठाला लागल्याचा आवाज ऐकू आला. शेजारच्या म्हाताऱ्याने माझा हात धरला, मी त्याचा धरला, आम्ही एकमेकांना ओळखतही नव्हतो.

तेव्हा मी पोटाची भीती विसरलो. मला वाटलं, काय हे फळ आहे! आपण पोथ्या वाचतो, वाटला तर असा आणि उकडला तर तसा. पण हिरड्याला स्वतःची अक्कल आहे. त्या बाईने वाटला तरी त्याने ओळखलं की आज कोठ्यात काम नाही, आज गळ्यात काम आहे, आणि तो मूठच्या मूठ वर चढला. जन्मभर मी त्याच्या गोष्टी रचल्या, आणि त्याने माझ्या तोंडात मारून दाखवलं की तुला रचायची गरजच नव्हती. मी आकाशाकडे पाहिलं. माझ्या त्या झाडाचा शेंडा खरंच कुठेतरी आहे, याबद्दल मला त्या क्षणी शंका राहिली नाही.

बिसनजी खुर्चीवरून उठले. टोपी काढली. शेजारी पवनीकडचे कोणी पाहुणे होते, त्यांनी विचारलं असेल, कोण हा. बिसनजींनी हळू सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी बायकांपर्यंत जाईल असं सांगितलं.

“आमच्या पार्वताचा भाऊ होय.”

घोळक्यात एक पदर वर सरकला. मी फार पाहिलं नाही, पाहण्यासारखं ते आपलं नव्हतं. एवढंच दिसलं की ती बाई ताठ उभी होती, भावासारखीच, आणि तिच्या दोन्ही बाजूच्या बायका तिला जागा करून देत होत्या.

गाणं संपलं. पहिली टाळी पडायच्या आत राजा निघाला. ते चालणं नव्हतं आणि पळणंही नव्हतं, दोन्हींच्या मधलं, पावलं लहान, पाठ ताठ, मुकुट डोक्यावर. गर्दी आपोआप दुभंगली, लोकांनी वाकून नमस्कार केले, त्याने एकाचाही घेतला नाही. बोडीच्या पाळीवर चढला आणि पलीकडच्या बेशरमीच्या झुडपांत गेला. कलावंत माणूस, मी मनात म्हणालो. एवढं ओतल्यावर एकांत लागतोच.

त्या दिवसाचा परिणाम सांगतो. आज आमच्या भागात कोणतीही दंडार पाहा, निरोपाच्या गाण्याला राजा हलत नाही. जुने नव्यांना शिकवतात, गुडघे जुळव, मुठी आवळ, हनुवटी वर. न हलता गाणं हीच खरी कसोटी, असं मोठमोठे जाणकार मला समजावून सांगतात, आणि मी मान डोलावतो.

उन्हं उतरत होती तेव्हा मी पाळीवर जाऊन बसलो. बराच वेळ गेला. खाली मैदानात पार्वताच्या हाताला धरून बायका तिला काहीबाही विचारत होत्या, आणि बिसनजी जिलेबीवाल्याला ओरडून सांगत होते की राजासाठी गरम काढ. मग झुडपं हलली आणि सखाराम आला. मुकुट काखेत, चेहरा धुतलेला, पावलं हलकी. माझ्याशेजारी बसला.

मी त्याचा हात हातात घेतला. “सखा,” म्हणालो, “मी लय दंडारी पाह्यल्या. लय राजे पाह्यले. पन असा उभा राहिलेला राजा पाह्यला नाही. सारी दिघोरी रडवली तू, एक पाय न हलवता. हे तुले सुचलं कसं रे?”

सखारामने माझ्याकडे पाहिलं. मग बोडीकडे पाहिलं.

“हालता येत नोहतं,” तो म्हणाला.